अमेरिकेचा पासपोर्ट, पुण्यातली एसआयपी आणि बँकेचा तो फॉर्म

पत्र

मी ४४ वर्षांची, कोथरूडला राहते. शिकायला म्हणून न्यू जर्सीला गेले, २०१६ साली अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आणि २०१८ मध्ये ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) काढून पुण्याला परत आले. मिस्टर भारतीय नागरिक आहेत, बारा वर्षांची मुलगी जन्माने अमेरिकन. हिंजवडीत नोकरी आहे, पगार वर्षाला ३२ लाख, कर दरमहा कापला जातो. अमेरिकेचं शेवटचं रिटर्न २०१८ सालचं भरलं. नंतर तिथे कमाईच नव्हती, म्हणून सोडून दिलं. आता बँकेने ‘फॅटका’चा फॉर्म पाठवलाय: तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? ऑफिसमधले एक जण म्हणतात, पॅन-आधार आहे ना, ‘नाही’वर टिक कर, कोण बघतंय. दुसरे म्हणतात, जुनी रिटर्नं गुपचूप भरून टाक.

माझ्याकडे बचत खात्यात ६ लाख, एफडीत १८ लाख, जानेवारी २०२० पासून तीन म्युच्युअल फंडांत मिळून महिना २५,००० ची एसआयपी (आज २८ लाख), ईपीएफमध्ये १४ लाख, आईच्या ११ लाखांच्या खात्यावर दुसरं नाव, आणि अमेरिकेत ४०१(के) या निवृत्ती खात्यात ६०,००० डॉलर आहेत. मुलीच्या नावे ५ लाखांची एफडी. २०२३ मध्ये बाबांनी जुना फ्लॅट विकून मला ९५ लाख दिले. त्यातून २०१८ मध्ये माझ्या एकटीच्या नावावर घेतलेल्या गृहकर्जाची उरलेली ६० लाख मुद्दल फेडली. सगळा कर इथे भरत असताना मी अमेरिकेचं काय देणं लागते? की पासपोर्टच परत करून टाकू?

ता. क. मी सोसायटीची खजिनदार आहे, चेकवर माझी सही असते. त्याचा काही संबंध येतो का?

उत्तर

नमस्कार.

आधी बँकेच्या फॉर्मचं. ‘होय’वर टिक करा, सोशल सिक्युरिटी नंबर लिहा आणि फॉर्म परत द्या. तुमच्या सहकाऱ्यांनी सुचवलेला ‘नाही’ हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महागडा शब्द ठरेल. कारण असं की मागची चूक दंडाशिवाय सुधारण्याची जी वाट अमेरिकेने ठेवली आहे, ती फक्त ‘माहीत नव्हतं, मुद्दाम केलं नाही’ असं शपथेवर सांगू शकणाऱ्यांसाठी आहे. आजवर तुम्ही ते खरेपणाने सांगू शकता. प्रश्न समोर वाचून, उत्तर ठाऊक असताना ‘नाही’वर खूण केलीत की तो कागद तुमच्याच विरुद्धचा पुरावा झाला. शिवाय तुमची ओसीआय कार्डाची प्रत बँकेच्या केवायसीत असणारच. म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

बँक हे विचारते ते स्वतःच्या हौसेने नव्हे. फॅटका कायदा अमेरिकेने २०१० मध्ये केला आणि ९ जुलै २०१५ ला भारताने त्यासाठीच्या करारावर सही केली. तेव्हापासून इथल्या बँका, फंड कंपन्या, विमा कंपन्या अमेरिकी नागरिकांच्या खात्यांची माहिती आपल्या आयकर खात्याला देतात आणि तिथून ती आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याकडे जाते: नाव, नंबर, शिल्लक, व्याज. आयआरएसला तुमची खाती आज ना उद्या दिसणार आहेत. त्यांचं पत्र येण्याआधी तुम्ही पोहोचलात तर ती वाट उघडी असते; चौकशी सुरू झाली की बंद.

आता मूळ प्रश्न. बहुतेक देश तिथे राहणाऱ्यांवर कर लावतात. अमेरिका नागरिकावर लावते, मग तो कुठेही राहो. असा दुसरा देश म्हणजे एरिट्रिया. भारत-अमेरिका करार दुहेरी कर टाळायला आहे खरा, पण त्याच करारात अमेरिकेने आपल्या नागरिकांवर कर लावायचा हक्क राखून ठेवला आहे. त्यामुळे ‘करार आहे, म्हणून रिटर्न नको’ हे चुकीचं. तुमची मर्यादा तर आणखी विचित्र. नवरा अमेरिकी नागरिक नाही आणि तुम्ही एकत्र रिटर्न भरत नाही, म्हणजे तुम्ही ‘विवाहित, स्वतंत्र’ या गटात. या गटाला रिटर्न भरण्याची सक्ती सुरू होते ती वर्षाला ५ डॉलर उत्पन्नापासून. छपाईची चूक नाही, पाचच डॉलर.

पण रिटर्न भरणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी. आकडेमोड सोपी राहावी म्हणून डॉलर ८५ रुपये धरू. ३२ लाख पगार म्हणजे सुमारे ३७,६५० डॉलर. २०२५ साठीची प्रमाणित वजावट १५,७५० डॉलर काढली की उरतात २१,९०० आणि त्यावर अमेरिकेचा कर साधारण २,४०० डॉलर. याच पगारावर भारतात नव्या पद्धतीने सेससकट ५ लाख ३८ हजार रुपये, म्हणजे ६,३०० डॉलरच्या वर कर जातो. हा कर फॉर्म १११६ वर क्रेडिट म्हणून, म्हणजे अमेरिकेच्या करातून वजा होणारी रक्कम म्हणून दाखवायचा. अमेरिकेचा कर शून्य, आणि उरलेलं ३,९०० डॉलरचं क्रेडिट पुढची दहा वर्षं जपून ठेवता येतं. ईपीएफमध्ये कंपनी भरते तो हिस्सा अमेरिकेच्या हिशेबात त्या-त्या वर्षीचा पगार म्हणून दाखवणं हा सावध मार्ग. तोही या शिलकी क्रेडिटमध्ये जिरतो.

फॉर्म २५५५ भरून परदेशातली कमाई थेट वगळण्याचा (२०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंत) रस्ता तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. दुबईत राहणाऱ्याला तो ठीक, तिथे पगारावर कर नाही. पुण्यातल्या पगारदाराला तो बहुधा तोट्याचा, कारण क्रेडिट वाया जातं आणि मुलीच्या नावाने मिळणाऱ्या सवलतीचा रोख परत मिळणारा भाग हातचा जातो. मुलगी अमेरिकी नागरिक, तिला सोशल सिक्युरिटी नंबर, वय सतराच्या आत: २०२५ साठी ही सवलत २,२०० डॉलर आहे आणि कर शून्य असला तरी त्यातले १,७०० पर्यंत परत मिळू शकतात. अमेरिका तुम्हालाच पैसे देणं लागते, असंही होऊ शकतं म्हणायचं.

हिशेबात दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. फॉर्म १६ वरचा आकडा तसाच्या तसा उचलू नका. बारा पगारपत्रकं समोर घ्या आणि जानेवारी ते डिसेंबर पगार नि कापलेला कर वेगळा जुळवा. दुसरं, रिटर्नमध्ये पगाराला वर्षाचा सरासरी दर चालतो, पण पुढे ज्या एफबारबद्दल सांगतो आहोत त्याला अमेरिकेच्या अर्थखात्याने जाहीर केलेला ३१ डिसेंबरचाच दर लागतो. आणि नाव: सोशल सिक्युरिटी कार्डावर माहेरचं नाव आणि पॅनवर सासरचं असेल, तर रिटर्नवर कार्डावरचंच लिहा, नाहीतर ऑनलाइन रिटर्न परत फिरतं.

तुमच्यासारख्यांचा खरा घोर कराचा नसून फॉर्मांचा आहे. एक पैसा कर निघत नसताना न भरलेल्या फॉर्मचा दंड मात्र हजारो डॉलरचा, अशी या कायद्याची गोम आहे.

पहिला एफबार, म्हणजे परदेशी खाती कळवण्याचा फिनसेन फॉर्म ११४ (फिनसेन ही अमेरिकेच्या अर्थखात्याची शाखा). हा आयआरएसकडे रिटर्नसोबत जात नाही. फिनसेनच्या बीएसए ई-फायलिंग संकेतस्थळावर वेगळा भरायचा, फुकट. अमेरिकेबाहेरच्या तुमच्या सगळ्या खात्यांची कमाल शिल्लक मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर, म्हणजे साडेआठ लाख रुपयांच्या वर गेली, तर प्रत्येक खातं दाखवावं लागतं, हजार रुपयांचंसुद्धा. बचत खातं, प्रत्येक एफडी, पोस्टातलं खातं, पतसंस्थेतली ठेव, डीमॅट, म्युच्युअल फंडाचा फोलिओ, ईपीएफ, समर्पण मूल्य असलेली एलआयसी पॉलिसी हे सगळं त्यात येतं. फ्लॅट, घरातलं सोनं, बँकेचा लॉकर येत नाही. ४०१(के) अमेरिकेतच आहे, त्यामुळे तेही नाही.

भरायची रीत अशी. एकेका खात्याचं पासबुक घ्या, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर त्यातली सर्वांत मोठी शिल्लक शोधा, ३१ डिसेंबरच्या दराने डॉलर करा, वरचा पूर्ण डॉलर लिहा. वर्षात एफडी मोडून ५ लाख बचत खात्यात आले आणि तिथून नव्या एफडीत गेले, तर तेच ५ लाख तीन ठिकाणी दिसतील. दिसू द्या, बेरीज फुगली म्हणून कर लागत नाही, फक्त खाती कळवायची आहेत. स्वतःची खाती भाग दोनमध्ये, आईबरोबरचं भाग तीनमध्ये, आणि तेही पूर्ण ११ लाख दाखवून. ‘पैसे आईचे आहेत, माझं नुसतं नाव आहे’ याने फरक पडत नाही. मुलीची एफडी पाच लाखांचीच असल्याने तिचा स्वतंत्र एफबार नको, पण पालक म्हणून त्या खात्यावर तुमची सही चालत असेल तर तुमच्या यादीत ती येते. मुदत १५ एप्रिल. ती चुकली तर अर्ज न करता आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत.

दंड? मुद्दाम न केलेल्या चुकीला मूळ कायद्यात १०,००० डॉलरपर्यंत, महागाईनुसार वाढून आता १६ हजारांच्या वर. पूर्वी आयआरएस हा दंड खात्यागणिक मोजायची. २०२३ मध्ये बिटनर खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की तो वर्षागणिक, म्हणजे एका फॉर्ममागे एकच. तरी सहा वर्षांचे सहा. मुद्दाम लपवलं असं ठरलं तर मूळ कायद्यात १ लाख डॉलर किंवा शिलकेचा निम्मा भाग, यांत जे जास्त असेल तिथपर्यंत जातो. आता ‘नाही’वरच्या त्या टिकची किंमत लक्षात येईल.

फॉर्म ८९३८ (परदेशी मालमत्ता रिटर्नसोबत दाखवण्याचा) याबद्दल फार विचार करू नका. परदेशात राहून स्वतंत्र रिटर्न भरणाऱ्याला तो वर्षअखेरीस २ लाख डॉलरच्या वर किंवा वर्षात कधीही ३ लाखांच्या वर गेल्यासच लागतो. रुपयांत १ कोटी ७० लाख आणि २ कोटी ५५ लाख. तुम्ही त्याच्या आत आहात. फक्त २०२३ मध्ये बाबांचे पैसे खात्यात असतानाची बेरीज एकदा करून पाहा.

त्या ९५ लाखांकडे मात्र नीट बघायला हवं. वडील अमेरिकी नागरिक नाहीत, म्हणून तुमच्या दृष्टीने ती परदेशी व्यक्तीकडून आलेली भेट. तिच्यावर अमेरिकेत कर नाही. पण वर्षभरात अशी भेट किंवा वारसा १ लाख डॉलरच्या वर गेला की फॉर्म ३५२० भरावा लागतो, आणि २०२३ च्या ८२ रुपयांच्या आसपासच्या दराने तुमची भेट १,१५,८०० डॉलर होते. हा फॉर्म राहिला तर दरमहा भेटीच्या ५ टक्के, कमाल २५ टक्के दंड. तुमच्या बाबतीत पावणेचोवीस लाख रुपये, तेही शून्य कर असलेल्या रकमेवर. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयआरएसने जाहीर केलं की अशा उशिरा आलेल्या फॉर्मवर आपोआप दंड लावणं थांबवून आधी दिलेलं कारण वाचलं जाईल. दिलासा आहे, पण कारण लिहूनच द्यावं लागतं.

याच पैशातून कर्ज फेडलंत, तिथे आणखी एक मेख आहे आणि ती इथल्या सीएला सहसा ठाऊक नसते. अमेरिकेचा हिशेब डॉलरमध्ये चालतो. २०१८ मध्ये डॉलर ६८ रुपये असताना घेतलेल्या ६० लाखांच्या मुद्दलीचे झाले ८८,२०० डॉलर. २०२३ मध्ये ८२ च्या दराने ते फेडायला लागले ७३,२००. म्हणजे ८८ उसने घेऊन ७३ परत केले. मधले १५,००० डॉलर अमेरिकेच्या लेखी तुमचा चलनातला नफा, आणि करपात्र. रुपयांत तुम्ही पै न् पै परत केली आहे, हे तिथे कुणी ऐकत नाही. उलट रुपया वधारून तोटा झाला असता तर तो वजा मिळाला नसता. भारतात यावर कर नाही, त्यामुळे पगाराच्या वर्गातलं शिलकी क्रेडिट इथे लागू होत नाही. साधारण १२ टक्क्यांच्या टप्प्यात १,८०० डॉलर निघतील. तुमचं नशीब एवढंच की २०२३ ची मुलीची २,००० डॉलरची सवलत तेवढ्यालाच पुरते.

आता म्युच्युअल फंड. पत्रातल्या सगळ्या गोष्टींत खरा पैसा जाणार असेल तर इथे. १९८६ च्या करसुधारणेत अमेरिकेने ‘पीफिक’ नावाचा वर्ग तयार केला: ज्या परदेशी कंपनीचं ७५ टक्के उत्पन्न किंवा निम्मी मालमत्ता नुसत्या गुंतवणुकीची, ती. भारतातला प्रत्येक म्युच्युअल फंड यात बसतो. इक्विटी, डेट, लिक्विड, इंडेक्स, सगळे. यांची बेरीज वर्षअखेरीस २५,००० डॉलरच्या वर असली की दर फंडामागे दरवर्षी एक फॉर्म ८६२१. तुमचे २८ लाख म्हणजे ३२,९०० डॉलर. तीन फंड, मागची तीन वर्षं (तीनच का, ते पुढे येईल), तर नऊ फॉर्म. एखाद्या आधीच्या वर्षी बेरीज मर्यादेच्या आत असेल आणि काही विकलं नसेल तर त्या वर्षीचे तीन वाचतील.

ग्रोथ प्लॅन असेल आणि युनिट विकले नसतील, तर फॉर्म भरायचा, कर नाही. विकलं की गंमत सुरू. नफा धारणकाळाच्या दिवसांवर सारखा वाटला जातो. चालू वर्षाचा तुकडा साध्या उत्पन्नात, मागच्या प्रत्येक वर्षाच्या तुकड्यावर त्या वर्षीचा सर्वोच्च दर, म्हणजे सध्या ३७ टक्के, आणि त्यावर तेव्हापासूनचं व्याज. तुमचा स्वतःचा टप्पा १२ टक्क्यांचा आहे याला किंमत नाही. एका फंडातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. आणि एसआयपीत प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी: डिसेंबर २०२५ पर्यंत ७२ महिने, तीन फंड, एकूण २१६ खरेद्या, प्रत्येकीचा धारणकाळ वेगळा, व्याज वेगळं. रेग्युलर प्लॅनमधून डायरेक्टमध्ये स्विच केलं असेल तर तीही विक्रीच.

रुपयांत अंदाज घ्या. ७२ हप्त्यांचे १८ लाख घातले, नफा १० लाख. भारतात सव्वा लाख सोडून साडेबारा टक्के, सेससकट १ लाख १४ हजार. अमेरिकेत वाईटात वाईट ३ लाख ७० हजार आणि वर व्याज. भारतातल्या कराचं काही क्रेडिट मिळतं, तरी फरक खिशातूनच. दरवर्षी बाजारमूल्यावर कर भरण्याचा एक पर्याय आहे, पण तो वेळेत भरलेल्या रिटर्नवरच निवडता येतो, मागच्या वर्षांसाठी नाही.

आमचं मत: एसआयपी याच महिन्यात थांबवा. युनिट घाबरून विकू नका. आधी २१६ ओळींचा तक्ता होऊ द्या, मग एकाच कॅलेंडर वर्षात सगळं विकून मोकळ्या व्हा. नफा आणखी वाढण्याआधी हे झालेलं बरं. पुढे बाजारात राहायचं तर थेट शेअर घ्या. नेहमीच्या व्यवसायातल्या कंपन्यांचे शेअर पीफिक नसतात. किंवा घरातली वाटणी बदला: घरखर्च तुम्ही करा, फंड मिस्टरांनी त्यांच्या पगारातून त्यांच्या नावावर घ्यावेत. तुमचे पैसे त्यांना देऊन घेतलेत तर अमेरिकेची हरकत नाही (नागरिक नसलेल्या जोडीदाराला २०२५ मध्ये १,९०,००० डॉलरपर्यंत करमुक्त), पण भारतात ते उत्पन्न क्लबिंगने, म्हणजे जोडीदाराला दिलेल्या पैशावरचं उत्पन्न देणाऱ्याचंच धरण्याच्या नियमाने, तुमच्याच माथी येईल. त्यांना तुमच्या रिटर्नमध्ये जोडीदार म्हणून ओढण्याचा पर्यायही कायद्यात आहे. तो घेऊ नका. त्यांचं सगळं उत्पन्न आयआरएससमोर येईल. आणि त्यांच्याकडे कधी ग्रीन कार्ड होतं का, हे बघा. मुदत संपून कपाटात पडलेलं ग्रीन कार्ड रद्द झालेलं नसतं. फॉर्म आय-४०७ देऊन ते परत करेपर्यंत कराचं ओझं राहतं.

आता मागचं निस्तरायचं कसं. वाटेचं नाव ‘स्ट्रीमलाइन्ड फॉरेन ऑफशोअर’. मागच्या तीन वर्षांची रिटर्नं, सहा वर्षांचे एफबार, निघेल तो कर आणि व्याज, दंड शून्य. अट अशी की त्या तीन वर्षांपैकी निदान एका वर्षी तुम्ही पूर्ण ३३० दिवस अमेरिकेबाहेर असाव्यात आणि तिथे घर नसावं. तुम्ही सहज बसता. ‘मागची तीन’ म्हणजे ज्यांची मुदत उलटून गेली ती. २०२५ च्या रिटर्नची मुदत संपण्याआधी पाकीट गेलं तर २०२२ ते २०२४. नंतर गेलं तर २०२३ ते २०२५. भेट आणि कर्जफेड दोन्ही २०२३ मध्ये, म्हणजे कोणत्याही हिशेबाने आत.

ही रिटर्नं ऑनलाइन जात नाहीत. कागदावर छापून, शाईने सही करून, टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या पत्त्यावर. प्रत्येक रिटर्नच्या आणि प्रत्येक माहिती-फॉर्मच्या पहिल्या पानावर माथ्याशी लाल शाईत त्या योजनेचं नाव लिहायचं. ते राहिलं तर पाकीट नेहमीच्या ढिगात जातं आणि दंडमाफी मिळत नाही. एरवी वेगळीकडे जाणारा ३५२० सुद्धा याच पाकिटात घाला. एफबार मात्र ऑनलाइनच. उशिराचं कारण विचारतात तिथे ‘इतर’ निवडून योजनेचं नाव टाका.

सगळ्याचा कणा म्हणजे फॉर्म १४६५३. त्यात का भरलं नाही हे स्वतःच्या शब्दांत आणि शपथेवर सांगायचं असतं. ‘माहीत नव्हतं’ एवढं एक वाक्य लिहून पाठवलेले अर्ज अपुरे धरले जातात. कधी गेलात, कधी परत आलात, २०१८ चं रिटर्न कुणी भरलं, परदेशी खात्यांच्या प्रश्नाला त्यात काय उत्तर होतं, कुणी काय सल्ला दिला, बँकेचा फॉर्म कोणत्या तारखेला आला आणि तेव्हा काय कळलं, हे क्रमाने लिहा. २०१८ च्या रिटर्नमध्ये सॉफ्टवेअरने परदेशी खात्यांपुढे ‘नाही’ टाकलं असेल तर तेही लपवू नका. जुनं रिटर्न काढून आधी ते पान बघा. दुसऱ्या सहकाऱ्यांचा ‘गुपचूप भरण्याचा’ सल्ला म्हणजे ही सगळी मेहनत करून हा एक फॉर्म न जोडणं. काम तेवढंच, संरक्षण काही नाही.

मदतीला माणूस घेताना इथल्या सीएला भारताचं बघू द्या; अमेरिकेसाठी तिथला सीपीए (तिथला सीए) किंवा एनरोल्ड एजंट (आयआरएसचा परवाना असलेला कर-सल्लागार) हवा. फी विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: एसआयपीसाठी ८६२१ केला आहे का, आणि १४६५३ चा मजकूर कोण लिहितं? दुसऱ्याला ‘आमच्याकडे तयार नमुना आहे’ असं उत्तर आलं तर उठा.

भारताकडची एक बाजू राहिलीच. तुम्ही इथल्या पूर्ण रहिवासी असल्याने ४०१(के) आपल्या आयटीआरमधल्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवावं लागतं, तेही कॅलेंडर वर्षाप्रमाणे. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, पण तुमचे ६०,००० डॉलर म्हणजे ५१ लाख. शिवाय निवृत्तीआधी या खात्यात दरवर्षी वाढणाऱ्या रकमेवर भारताने आत्ता कर लावू नये म्हणून फॉर्म १०ईई ची सोय आहे. सीएला दोन्ही एकदमच विचारा.

पासपोर्ट परत करण्याचं डोक्यातून काढा, निदान आत्ता. त्याने मागचं काही पुसलं जात नाही. सोडताना फॉर्म ८८५४ वर मागच्या पाच वर्षांचं सगळं नीट भरल्याचं लिहून द्यावं लागतं. ते देता आलं नाही तर मालमत्ता कितीही कमी असो, मोठ्या आसामींसाठीचा निर्गमन कर, म्हणजे नागरिकत्व सोडताना लागणारा कर, तुम्हाला लागू होतो. दुसरं नागरिकत्व हातात नसताना ते सोडणं म्हणजे कुठल्याच देशाचं न राहणं. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. पाच वर्षं ओसीआय आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य, या अटींवर भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. विचार करायचाच तर पाच वर्षांची रिटर्नं साफ झाल्यावर करा. आणि मुलगी तरीही अमेरिकनच राहील; तिचा निर्णय तिचा, अठरा वर्षांनंतर.

आणि तुमचा ता. क. हो, संबंध येतो. सोसायटीच्या खात्यातले पैसे तुमचे नसले तरी त्यावर सहीचा अधिकार आहे, आणि एफबारला तेवढं पुरतं. सोसायटीचं बचत खातं आणि सिंकिंग फंडाच्या एफडी भाग चारमध्ये जातील. सोसायटीचं नोंदणीकृत नाव, पत्ता आणि प्रत्येकाची कमाल शिल्लक लागेल. दोघांच्या सह्या लागत असल्या तरी हेच. यावर कर नाही, आणि समितीची परवानगीही लागत नाही. येत्या सर्वसाधारण सभेत खजिनदारपद दुसऱ्याकडे दिलंत, तरी बँकेतला सहीचा नमुना बदलेपर्यंत ही खाती तुमच्या यादीत राहतील. तेव्हा ठराव झाला की बँकेचं पत्र दुसऱ्याच दिवशी द्या.